कबड्डीसाठी चुकवलेला शुक्रवार

हे मी लिहावं का, याची मला अजून खात्री नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. लिहिणं म्हणजे गावाला पाठवायचं पोस्टकार्ड, एवढीच आमची समजूत. त्यात ही गोष्ट खरं तर माझी नाहीच. ती एका मुलीची आणि तिच्या आईवडिलांची आहे, आणि सांगायचा हक्क असेल तर तो त्यांचा. पण ते काही लिहितील असं वाटत नाही. शिवाय या गोष्टीत एक जागा अशी आहे की तिथे काय झालं हे मलाच ठाऊक आहे, कारण तिथे चूक माझी होती. म्हणून वाचणाऱ्यांची आणि त्या घराची आधीच क्षमा मागतो, आणि जमेल तसं सांगतो.

मी मुलुंडच्या एका कॉलेजात कॉमर्सला होतो. वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा आई-वडील आणि दोन्ही बहिणी गावाला, सावंतवाडीकडे, परत गेल्या. मला शिक्षणासाठी मागे ठेवलं, घाटकोपरला डोंगरावरच्या वस्तीत, काकांच्या खोलीत. कॉलेजात पहिले सहा महिने मी कुणाशी फारसा बोललो नाही. मुलं इंग्रजीत विनोद करायची आणि मी एक सेकंद उशिरा हसायचो. मला येत होती ती एकच गोष्ट, कबड्डी. ती मात्र गावापासून येत होती. जिमखान्याच्या निवडीत मी एका थोराड मुलाचा घोटा पकडला तो सोडलाच नाही, आणि त्या दिवसापासून मी संघाचा डावा कोपरा झालो.

त्याच वर्षी कॉलेजात रक्तदान शिबिर झालं. संघातली सगळी मुलं रांगेत उभी राहिली म्हणून मीही राहिलो. कॉफी आणि ग्लुकोजची बिस्किटं मिळाली, आणि एक कार्ड मिळालं. कार्डावर माझा रक्तगट लिहिला होता. तिथल्या बाईंनी तो दोनदा तपासला आणि म्हणाल्या, "तुझा गट फार थोड्या लोकांचा असतो हं. कार्ड जपून ठेव." मला ते ऐकून उगाच बरं वाटलं. कुठल्याही बाबतीत मी थोड्या लोकांपैकी आहे असं तोवर कुणी म्हटलं नव्हतं.

महिनाभराने तास चालू असताना शिपाई मला बोलवायला आला. ऑफिसच्या बाहेर चाळिशीचे एक गृहस्थ उभे होते. बाहीची बटणं लावलेला पांढरा शर्ट, खिशाला पेन, हातात शाळेची दोनशे पानी वही. कुठल्याशा खाजगी कंपनीत ते कारकून होते. त्यांनी माझं नाव विचारून खात्री केली आणि म्हणाले, "तुमची हरकत नसेल तर पाच मिनिटं बोलायचं होतं." एवढ्या मोठ्या माणसाने मला तुम्ही म्हटलं, याचाच मला संकोच झाला.

त्यांची मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. तिला थॅलेसेमिया होता. हा शब्द मी पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ऐकला. तिच्या अंगात तयार होणारं रक्त टिकत नाही, त्यामुळे तान्ही असल्यापासून तिला बाहेरून रक्त द्यावं लागतं, दर वीस दिवसांनी एक बाटली. डॉक्टरांचं म्हणणं, रक्त शक्यतो ताजं हवं. एका माणसाने दिलेल्या रक्ताला चार महिने मध्ये जाऊ द्यावेत. म्हणजे सहा माणसं हवीत. सहा माणसं एकामागून एक आली की चार महिने भरतात आणि पहिल्याचा नंबर पुन्हा येतो. तिच्या गटाची पाच माणसं त्यांनी दोन वर्षं हिंडून जमवली होती. सहावा कल्याणचा एक शिक्षक होता, त्याची बदली झाली.

"रक्तपेढीत तुमच्या कॉलेजच्या शिबिराची यादी पाहिली," ते म्हणाले. "सहावे तुम्ही व्हाल का?"

मी हो म्हणालो. नाही म्हणायचं माझ्या मनातही आलं नाही.

पहिल्यांदा रक्त दिलं त्या दिवशी ते मला आग्रहाने घरी घेऊन गेले. मुलुंडलाच रेल्वे फाटकाजवळ त्यांच्या दोन खोल्या होत्या. काकूंनी, म्हणजे मुलीच्या आईने, शिरा केला होता, केळं घातलेला. मुलगी दुसऱ्या दिवशी इस्पितळात जायची होती म्हणून जरा मलूल होती, पण तिचं तोंड काही बंद नव्हतं. मी खेळतो हे कळल्यावर तिने मला आपादमस्तक पाहिलं.

"म्हणजे परवापासून मला कबड्डी येणार," ती म्हणाली.

"कसं काय?"

"असंच असतं. कोळीकाकांचं रक्त आलं की मला बोंबील खावेसे वाटतात. आई करत नाही. आणि ते पोस्टातले आजोबा आहेत ना, त्यांचं आलं की झोपच झोप."

"काहीही बोलते," काकू म्हणाल्या, पण हसू त्यांनाही आवरलं नाही. हे कोळीकाका म्हणजे त्या सहांपैकी एक, तुर्भ्याच्या कोळीवाड्यातले, स्वतःची होडी असलेले. त्यांची आणि माझी पुढे रक्तपेढीत एकदा भेट झाली. हात एवढा जाडजूड की नर्सला शीर सापडेना, आणि ते तिला म्हणत होते, "टोच गं बाय, कुठं पण टोच, आत सगळं एकच हाय."

वर्षभरात मी तीन वेळा रक्त दिलं. काकांच्या वहीत, म्हणजे मुलीच्या वडिलांच्या, माझ्या नावापुढे तारखा होत्या आणि पुढच्या तारखेवर पेन्सिलीने गोल. आठ दिवस आधी त्यांचं पोस्टकार्ड कॉलेजच्या पत्त्यावर यायचं, दोन ओळींचं. ते मी जिमखान्याच्या फळीवरून उचलायचो तेव्हा मला आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं. हे कबूल करायला मला लाज वाटते, पण तसं होतं.

दुसऱ्या वर्षी काकूंनी मला पंपाबद्दल सांगितलं. इतकं दुसऱ्यांचं रक्त घेतल्यावर त्यातलं लोह अंगात साठतं, आणि काळजात, यकृतात जाऊन बसतं. ते बाहेर काढायचं एक औषध आहे. ते एका छोट्या, बॅटरीवर चालणाऱ्या पंपाने पोटाच्या कातडीखाली तासन् तास थेंब थेंब सोडावं लागतं. पंप परदेशातून मागवायचा, औषधही तिकडचंच. काकू हे सांगताना डाळ निवडत होत्या. मागत काहीच नव्हत्या, नुसतं सांगत होत्या.

मी ते जिमखान्यात बोललो. संघातली आणि आसपासची अशी आम्ही चौदा-पंधरा मुलं होतो. आम्ही स्वतःला मंडळ म्हणवून घ्यायचो. मंडळाचा रबरी शिक्काही केला होता, पण त्या शिक्क्याने आजवर फक्त सहलीच्या सूचना छापल्या होत्या. मी पंपाचं सांगितलं. मग आमचा कप्तान बाकावरून उठला.

"सामने घेऊ," तो म्हणाला. "दोन दिवस, खुले कबड्डी सामने. देणगी कुपनं छापू. भांडुप, विक्रोळी, घाटकोपर, सगळीकडच्या टीम बोलवू. यार, आपण एवढे बैल काय नुसते शंख करायला जमलोय?"

मी काहीतरी सुचवलं आणि पंधरा मुलं कामाला लागली, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. पुढचा दीड महिना मी वर्गात कमी आणि रस्त्यावर जास्त होतो. गुजराती दुकानदारांकडे कुपनं घेऊन जायचो. सुरुवातीला दाराशी उभा राहून घसा खाकरत बसायचो, मग बोलायला शिकलो. मुलीचं दुखणं इतक्या वेळा सांगितलं की ते माझ्या तोंडून फार सराईत यायला लागलं. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, ते कळायला लागलं. ते मला तेव्हा खटकलं नाही.

कापडी फलकावर काय लिहायचं यावर तासभर वाद झाला. शेवटी 'एका निष्पाप बालिकेच्या प्राणांसाठी' असं ठरलं. हा मजकूर कप्तानाचा. तो आणि मी फलकाचं कापड घेऊन त्यांच्या घरावरून जात होतो तर ती खिडकीतून ओरडली, "दाखवा ना काय लिहिलंय!" आम्ही रस्त्यावर कापड उलगडलं. तिने एकेक अक्षर लावत वाचलं.

"निष्पाप म्हणजे काय?"

"म्हणजे तू कधी वाईट वागली नाहीस," कप्तान म्हणाला.

"वागलेय की. परवाच मार खाल्लाय." तिने फलकाकडे बोट दाखवलं.

"ए, खोटं लिहिलं म्हणून पोलीस पकडतील हं तुम्हाला," असं म्हणून ती खिडकीतून दिसेनाशी झाली. कप्तान रस्त्यात उभा राहून हसत होता. मला म्हणाला, "हिच्यासाठी तर फायनल मारायचीच."

सामने शनिवार-रविवारचे ठरले. सामन्यांच्या आठ दिवस आधी काकांचं पोस्टकार्ड आलं. माझा नंबर शुक्रवारी होता. शुक्रवारी सकाळी मी रक्त द्यायचं, शनिवारी ते तिला चढवायचं, आणि रविवारी ती ताजीतवानी होऊन मैदानावर येणार, असा त्यांचा हिशेब होता. बक्षिसं तिच्या हस्ते द्यायची असं आम्ही ठरवलं होतं.

पोस्टकार्ड मी कप्तानाला दाखवलं. त्याने ते उलटसुलट केलं.

"शुक्रवारी? वेड लागलंय काय? शनिवारी आपल्या तीन मॅचेस आहेत."

"एक बाटलीच तर असते."

"एक बाटली म्हणजे काय पाणी आहे काय रे? दम टिकणार नाही. डावा कोपरा पडला की वाट लागली आपली. आणि ऐक. आपली टीम फायनलला असली तर अख्खं मुलुंड येईल. शनिवारीच हरलो तर रविवारी कोण येणार? कुत्रंसुद्धा येणार नाही. कुपनं कोण घेणार मग? तिचंच नुकसान. सोमवारी दे ना. शुक्रवार काय, सोमवार काय."

संध्याकाळी मी काकांना विचारलं, माझ्या सख्ख्या काकांना. ते जेवत होते. "रगत देऊन वर खेळतलस? पडतलस खंयतरी," एवढंच म्हणाले आणि भात कालवत राहिले.

खरं सांगायचं तर मला कुणी पटवायची गरज नव्हती. मला खेळायचं होतं. दीड महिना राबलो होतो. शाळा-कॉलेजच्या सामन्यांना येतं त्यापेक्षा मोठं पब्लिक पहिल्यांदाच माझ्यासमोर असणार होतं. आणि हे सगळं तिच्यासाठीच आहे असं म्हणता येत होतं, त्यामुळे स्वतःला काही विचारावंच लागलं नाही.

बुधवारी मी त्यांच्या घरी आमंत्रणपत्रिका द्यायला गेलो. काका कामावरून यायचे होते. काकूंनी पत्रिका वाचली, मुलीचं नाव छापलेलं पाहून पुन्हा वाचली आणि देवापुढे ठेवली. मग मी म्हणालो, "काकू, शुक्रवारच्या ऐवजी सोमवारी दिलं तर चालेल का? मॅचेस आहेत म्हणून."

त्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळल्या. बराच वेळ माझ्याकडे त्यांची पाठ होती.

"सोमवारी," त्या म्हणाल्या. "म्हणजे मंगळवारी चढवायचं."

"तीनच दिवसांचा फरक आहे."

"हो. तीनच." त्यांनी बोटाने कॅलेंडरवरचे चौकोन मोजले. आधीच्या खेपेला त्या पोस्टातल्या आजोबांना ताप होता म्हणून दोन दिवस गेले होते, हे मला माहीत नव्हतं. त्या ते बोलल्या नाहीत. वळून म्हणाल्या, "चालेल रे. तुम्ही मुलं एवढं करताय आमच्यासाठी. आम्ही काय तीन दिवस थांबू शकत नाही?"

मुलगी आतून धावत आली. "म्हणजे शनिवारी सुई नाही?"

"नाही."

"झकास!" ती म्हणाली आणि तिथल्या तिथे गिरकी घेतली. मग लगेच खाटेवर बसली. तिला धाप लागली होती. ती धापही मी पाहिली.

आज इतक्या वर्षांनी मला कळतं की मी तो प्रश्न त्या घरात विचारायलाच नको होता. ज्यांच्या मुलीसाठी आम्ही गावभर कुपनं फाडत होतो, त्या माणसांना मला नाही म्हणायची मुभा कुठे होती?

शनिवारी आम्ही तिन्ही सामने जिंकलो. रविवारी खरोखरच अख्खं मुलुंड लोटलं. मैदानाभोवती दोऱ्या बांधल्या होत्या, त्यांच्या बाहेर माणसं खांद्याला खांदा लावून उभी होती. पोरं झाडांवर चढली होती. मंचावर एक कारखानदार प्रमुख पाहुणे म्हणून बसले होते आणि त्यांच्या शेजारी मोठ्या खुर्चीत ती. खुर्चीमागे उभ्या असलेल्या काकूंनी तिला गुलाबी झालरीचा फ्रॉक घातला होता. त्या रंगामुळे तिचा चेहरा जास्तच पांढरा दिसत होता. ओठसुद्धा. पाय खुर्चीवरून लोंबत होते. ती ते हलवत नव्हती, हे मला मैदानात उतरताना दिसलं. एरवी ती पाय हलवल्याशिवाय बसायची नाही.

लाउडस्पीकरवर मंडळाचा सेक्रेटरी सारखा सांगत होता, "हीच ती चिमुकली! हिच्या प्राणांसाठी आज हे खेळाडू घाम गाळत आहेत!" आणि प्रत्येक वेळी लोक तिच्याकडे पाहून टाळ्या वाजवत होते. सुरुवातीला ती हात हलवत होती. नंतर तिने हात मांडीवर ठेवले.

फायनल विक्रोळीच्या एका संघाशी होती. शेवटची पाचेक मिनिटं राहिली असताना त्यांचा चढाईपटू माझ्या कोपऱ्यात आला. मी त्याचा घोटा धरला, तो उसळला, आणि त्याचा गुडघा माझ्या हनुवटीवर बसला. मी पकड सोडली नाही. शिट्टी झाली, पब्लिक उसळलं, आणि मी उठलो तेव्हा बनियनचा पुढचा भाग लाल झालेला होता. हनुवटी फाटली होती. रक्त हाताच्या कोपरावरून मातीत ठिबकत होतं. कप्तानाने रुमाल दाबून धरला आणि ओरडला, "वाघ आहेस रे, वाघ!"

आम्ही मंचाच्या अगदी समोर होतो. माईक तिच्या खुर्चीजवळ होता. मघाशी तिला दोन शब्द बोलायला सांगून कुणीतरी तो तिथेच ठेवला होता, आणि तो चालू होता. ती आईला म्हणाली ते सगळ्या मैदानाने ऐकलं.

"आई, दादाचं रक्त वाया चाललंय."

लोक हसले. लहान मुलांच्या बोलण्याला हसतात तसं, प्रेमाने. कप्तानही हसला. काकूंनी झटकन तिच्या तोंडावर हात ठेवला आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

आम्ही जिंकलो. ढाल द्यायला ती उठली तर तिला ढाल उचलेना. कारखानदारांनी एका बाजूने धरली, तिने नुसता हात लावला, आणि तसा फोटो काढला. मला जवळच्या दवाखान्यात नेलं. पाच टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, आणि गोळ्यांची पुडी बांधून दिली.

सोमवारी सकाळी मी रक्तपेढीत गेलो. काका आधीच बाकावर बसले होते, सुट्टी टाकून. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी माझी हनुवटी पाहिली.

"हे कधीचं?"

"कालचं."

"गोळ्या चालू आहेत? मग तुझं रक्त नाही घेता येणार. जखम भरू दे, गोळ्या संपू देत. तीन आठवड्यांनी ये."

मी त्यांची विनवणी केली. त्या चांगल्या होत्या, चिडल्या नाहीत, पण घेतलं नाही. एका आजारी लहान मुलीला द्यायचं रक्त आहे म्हणूनच घेत नाही, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. रक्तपेढीत आमच्या गटाची एकही बाटली नव्हती. मी वळलो तेव्हा काकांनी वही उघडली होती आणि ते पाचही नावांवरून बोट फिरवत होते. कुणाचेच चार महिने झाले नव्हते.

"काका, मी..."

"असू दे, असू दे," ते म्हणाले. "तू घरी जाऊन पड. तोंड केवढं सुजलंय तुझं." त्या दिवशी ते मला पहिल्यांदाच तू म्हणाले. मग वही काखेत धरून ते निघून गेले.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. ज्यांचे दिवस अधिक भरले होते ते दोघे गावाला गेलेले होते, म्हणून काका थेट तुर्भ्याला गेले. कोळीकाका समुद्रावर होते. दोन दिवस काका संध्याकाळी तिकडे जाऊन धक्क्यावर होडीची वाट पाहत बसले. मंगळवारी मुलीला श्वास घेता येईना म्हणून इस्पितळात दाखल केलं. नाकाला नळी लावली. गुरुवारी होडी लागली. कोळीकाकांनी रक्त देऊन सव्वादोन महिनेच झाले होते. ते पेढीत चार महिने झाले असं खोटं सांगून टेबलावर आडवे झाले. शुक्रवारी तिला रक्त चढलं. माझ्या नंबराला बरोबर एक आठवडा होऊन गेला होता.

बुधवारी, म्हणजे रक्त मिळायच्या आधी, मी इस्पितळात गेलो होतो. वॉर्डाच्या दारातून ती दिसली, डोळे मिटलेली, छाती वरखाली होत होती. काकू बाहेर आल्या. मी काहीतरी पाठ करून आलो होतो, ते सगळं विसरलो. त्यांनी माझी हनुवटी वर करून पाहिली.

"दुखतं का रे? टाके कधी काढणार?"

त्या चिडल्या असत्या, निदान रडल्या असत्या, तर मी कदाचित तिथे थांबलो असतो. मी "शनिवारी" म्हणालो आणि जिना उतरलो.

ती त्या खेपेला बरी झाली. महिन्याभराने मंडळाने पंपासाठीची मदत कॉलेजच्या हॉलमध्ये काकांच्या हाती दिली. फोटो निघाला. मी गेलो नाही. टाके पिकलेत असं सांगितलं, आणि ते खोटं होतं. तीन आठवडे झाले, टाक्यांची नुसती रेघ उरली, तरी मी रक्तपेढीकडे फिरकलो नाही. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की आपलं नाव त्यांनी केव्हाच खोडलं असणार. ज्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही त्याला कोण पुन्हा विचारील? त्यांनी दुसरा कुणीतरी शोधला असेल. कॉलेज मोठं आहे, मुंबई मोठी आहे. विचारायला तोंड नव्हतं म्हणून मी हे उत्तर धरून बसलो.

कबड्डीही सुटली. जिमखान्यात गेलं की कुणी ना कुणी 'दादाचं रक्त' म्हणून चिडवायचं. त्यांच्या लेखी ती गंमत होती. मी जाणं बंद केलं, आणि तिथल्या फळीवरची पत्रं बघणंही. तिसऱ्या वर्षी अंधेरीला एका कारखान्याच्या ऑफिसात अर्धवेळ काम मिळालं. घाटकोपर सोडून मी बोरिवलीला एका मित्राबरोबर राहायला लागलो, आणि कॉलेजात फक्त परीक्षेपुरता जायचो. पास झालो. घरातला पहिला पदवीधर. आईने गावात पेढे वाटले.

मुलुंडला जायचा विचार मी दर दिवाळीला करत असे. एकदा खरंच गेलो, फाटकापर्यंत. सोबत मुलीसाठी रंगीत पेन्सिलींची पेटी घेतली होती. फाटक बंद होतं, मालगाडी जात होती. ती गेल्यावर फाटक उघडलं, माणसं ओलांडून गेली, आणि मी परत फिरलो. मालगाडीच्या वेळात मी एवढंच मोजलं होतं की ती आता अकरा वर्षांची असेल.

त्यानंतर दीड-दोन वर्षांनी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचं लग्न चेंबूरला होतं. दुपारी जेवणं आटोपून मी बाहेर पडलो तर मासळीबाजाराच्या तोंडाशी बर्फाची पेटी हातगाडीवर चढवत असलेला एक माणूस माझ्याकडे निरखून पाहत होता. केस पार पिकले होते, पण हात तेच.

"तू तो कबड्डीवाला ना रे?" कोळीकाका म्हणाले. "हनुवटीवरनं वळखला."

मी त्यांच्या पाया पडायला वाकलो. त्यांनी ओले हात मागे घेतले.

"कशी आहे ती?" मी विचारलं. इतक्या वर्षांत हे शब्द मी पहिल्यांदा तोंडातून काढले.

त्यांनी पेटी खाली ठेवली.

"तुला नाय म्हाईत?" ते म्हणाले. "गेली रे पोर. गेल्या श्रावणात. बारा पुरी व्हायची होती."

रस्त्यावरून एक टेम्पो भोंगा वाजवत गेला. त्यांनी हातगाडी कडेला ओढली.

"काळीज थकलं म्हणले डॉक्टर. पंप होता, औषध चालू होतं. पण रगत येळेवर पडायला पायजे ना."

"मला वाटलं होतं, माझ्या जागी दुसरा कुणी मिळाला असेल."

"कुठला मिळतो!" ते म्हणाले. "बाप तिचा तुझ्या कालेजात गेला होता, दोनदा. तिथली पोरं म्हणली, तो आता येत नाय, कुठं राहतो ठाव नाय. घाटकोपरलाबी गेला डोंगरावर, तुझ्या काकानं म्हणे बोरिवली सांगितलं, पण बोरिवलीत कुठं, ते त्यालाच म्हाईत नव्हतं. सहावा गावलाच नाय शेवटपर्यंत. चार वर्सं आम्ही पाच जणांनी काढली."